परक्याच्या हातचा घास

इतिहास म्हटला कीं लढाया, तह, किल्ले आणि राजवटी हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत असल्या इतिहासाला तोटा नाहीं. चौंडीस १७२५ सालीं अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला, आणि त्यांच्याच नांवानें हा जिल्हा आज अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. खर्ड्यास १७९५ सालीं मराठे आणि निजाम यांची गांठ पडली. नगरच्या भुईकोट किल्ल्यांत १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ पंडित नेहरू व त्यांचे सहकारी बंदिवासांत होते. ह्या सर्व गोष्टींवर ग्रंथ आहेत, व्याख्यानें आहेत. परंतु ही स्थळें पाहावयास निघालेला प्रवासी वाटेंत ज्या गाडीपाशीं थांबून गरम वडापाव खातो, त्या गाडीचा इतिहास आपल्या कानीं क्वचितच पडतो. तो क्षुल्लक आहे असें मला वाटत नाहीं. म्हणून आज खर्ड्याच्या रणांगणावर न जातां मिरजगांवच्या रस्त्याकडेलाच थांबावें असा माझा विचार आहे.

मिरजगांव हें कर्जत तालुक्यांतलें, नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरचें बाजाराचें गांव. रेल्वे त्याच्या वांट्याला आलेली नाहीं. जें कांहीं येतें तें रस्त्यानें येतें. येथें एक खुलासा करणें जरूर आहे. वडा आणि कर्जत हीं दोन नांवें एकत्र ऐकलीं कीं मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस रेल्वेचें कर्जत आठवेल. तें कर्जत निराळें. तें रायगड जिल्ह्यांत, बोरघाटाच्या पायथ्याशीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि घाट चढतांना गाडीला मागून रेटणारीं इंजिनें कर्जतला जोडलीं जाऊं लागलीं. इंजिनें जोडीपर्यंत गाडी उभी. गाडी उभी म्हणजे उतारू मोकळे. आणि उतारू मोकळे म्हणजे फलाटावर वडेवाल्याची हांक. दिवाडकरांच्या वड्याची कीर्ति ह्या सक्तीच्या मुक्कामानें वाढविली. नगरकडच्या कर्जत तालुक्यांत ना घाट, ना इंजिन. तरी नियम तोच आहे. जेथें माणसाला थोडा वेळ थांबावें तर लागतें, पण पाटावर बसून जेवण्याइतका वेळ मात्र नसतो, तेथें वडा हटकून तळला जातो.

अशा गाडीपाशीं पंधरा मिनिटें उभें राहून पाहावें. पत्र्याचें छप्पर, चार चाकें असलीं तरी वर्षानुवर्षें जागचें न हललेलें लाकडी फळ्यांचें गाडें, एका अंगाला शेगडी व कढई, दुसऱ्या अंगाला पावाच्या लाद्या. बटाटे पहाटेंच उकडून, सोलून, हातानें कुस्करून ठेवलेले असतात. त्यांना मोहरी-हळदीची फोडणी, वाटलेली हिरवी मिरची, आलें, लसूण आणि वरून कोथिंबीर. हरभऱ्याच्या डाळीचें पीठ सैल भिजवून त्यांत चिमूटभर सोडा आणि पळीभर कडकडीत तेल. गोळा पिठांत बुडवून कढईच्या कडेनें अलगद सोडला कीं पिठाचे थेंब बाजूला तळून निघतात. तो चुरा टाकून देत नाहींत, तो मागणारे खास गिऱ्हाईक असतात. पाव आडवा कापून त्याला सुक्या लसणाची चटणी लावावयाची, वडा मध्यें ठेवून तळहातानें किंचित् दाबावयाचा, आणि मीठ लावलेली तळलेली मिरची सोबत द्यावयाची. पाटी असली तर तिच्यावर देवाचें नांव किंवा मालकाच्या मुलाचें. खुर्ची नाहीं, मेज नाहीं. असलें तर एखादें बाकडें, आणि त्यावर रोजचीं माणसें. रोजच्या माणसाला काय हवें हें विचारावें लागत नाहीं. ह्याला चटणी दुप्पट, त्याला मिरची नको, त्या मास्तरांना वडा वेगळा आणि पाव वेगळा. नव्या माणसाला क्षणभर थांबवून जुन्याचा वडा आधीं दिला जातो. नवा रागावतो, आणि महिन्याभरानें तोच जुना होऊन बसतो.

हें दृश्य आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्यांतलें नवल कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नवल वड्याच्या चवींत नाहीं. ज्याची जात, कुळी, गांव यांपैकीं कशाचीच चौकशी केलेली नाहीं अशा माणसाच्या हातून शिजलेला जिन्नस घेऊन, चारचौघांत, रस्त्यावर उभ्यानें खाणें, हें नवल आहे. दीडशें वर्षांपूर्वीं ह्याच रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूच्या फडक्यांत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा बांधलेला असे. त्याचें कारण केवळ गरिबी नव्हतें. कनवटीस पैसा असलेला सावकारही आपली शिदोरी आपल्याबरोबरच बाळगी. धर्मशाळेंत उतरलेलीं माणसें आपापले तीन दगड मांडून आपापली चूल पेटवीत, आणि एका ओसरीवर किती चुली पेटल्या हें मोजलें तर किती जाती उतरल्या हें न विचारतां कळे. पाण्याची तर गोष्टच सोडा. परक्याच्या हातचें खाणें म्हणजे बाटणें, आणि बाटणें म्हणजे घराला, नात्याला, मुलीच्या लग्नाला मुकणें. तेथून आजच्या गाडीपर्यंतचा प्रवास मिरजगांवाहून सोलापुराइतका सरळ झालेला नाहीं.

आधीं पावाची गोष्ट. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. त्यांना गव्हाचा फुगलेला पाव हवा होता. पण पीठ फुगविण्यास लागणारें त्यांच्याकडचें आंबवण येथें मिळेना. गोव्यानें त्याला माडाचा उपाय दिला. माडाची ताजी सूर पिठांत घातली कीं तें रात्रभरांत फुगून येतें. साष्टींतल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं ही भट्टीची विद्या आत्मसात केली आणि पुढें तीच विद्या घेऊन तीं मुंबईस आलीं. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु कोंकणच्या हिंदु समाजांत ह्या पदार्थाला जी दहशत होती तिची कल्पना आज येणें कठीण. विहिरींत पावाचा तुकडा टाकला, तें पाणी गांव प्यालें, आणि सगळें गांव बाटलें, अशी कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती प्रत्येक ठिकाणीं अक्षरशः घडली असेल असें मी म्हणत नाहीं. पण लोकांना ती शक्य वाटत होती, आणि ज्या समाजाला एका तुकड्यानें विहीर बाटते असें वाटतें त्याच्या मनांत पावाचें स्थान काय असेल तें उघड आहे. सूर घातलेला, परधर्मीयाच्या हातानें मळलेला, परधर्मीयाच्या भट्टींत भाजलेला. असा हा पदार्थ तीन ठिकाणीं विटाळलेला.

म्हणूनच तो बंडाचें निशाण होऊं शकला. १८४९ सालीं मुंबईस परमहंस सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग आणि त्यांचे स्नेही यांची ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावे अशीं त्यांचीं मतें. सभासद होऊं इच्छिणाऱ्याची परीक्षा कशी घेत? त्याला ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानानें आणलेलें पाणी प्यावें लागे. शपथ नाहीं, निबंध नाहीं. एक तुकडा आणि एक घोट. आज ज्याला आपण दोन गाड्यांच्या मधल्या वेळांतला नाश्ता समजतों तो एके काळीं क्रांतिकारकांचा दीक्षाविधि होता. सभा भिऊन भिऊन चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, नांवें बाहेर फुटतील ह्या धास्तीनें मंडळी पांगली, आणि सभा संपली. ह्यांत त्यांना भित्रे म्हणून हिणविण्याची एक पद्धत आहे; मला ती अन्यायाची वाटते. ज्यांच्या घरीं आई, बायको आणि लग्नाच्या बहिणी होत्या त्यांनीं तो तुकडा निदान तोंडांत घातला. उघडपणें लढणारी प्रार्थना समाजाची मंडळी १८६७ सालीं पुढें आली, ती ह्याच भूमीवर.

चाळीस वर्षांनीं पुण्यांत तोच प्रश्न चहाच्या कपांतून पुन्हा वर आला. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें शहरांतील नामांकित मंडळींना बोलावण्यांत आलें. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे सर्व तेथें होते. त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी कप नुसता तोंडाला लावला, कोणी तसाच ठेवला. ह्या बैठकीमागें गोपाळराव जोशी होते, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पति. त्यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आणलीं, आणि सबंध पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, १८९२ सालीं प्रायश्चित्तें ठरलीं. रानड्यांसारख्या न्यायाधीशास शेवटीं एका चहासाठीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें, आणि त्यांच्या निकटच्या सुधारकांना त्याचें दुःख झालें. टिळक व रानडे एरवीं क्वचितच एका बाजूस असत. ह्या एका कपानें दोघांना एकाच आरोपाखालीं उभें केलें. श्रोतेहो, आज कुठल्याही टपरीवर जो चहा पांच मिनिटांत येतो त्याची त्या वेळची किंमत ही अशी होती.

नगरलाही ह्या कथेंत स्थान आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्या पुढील आयुष्याचा फार मोठा भाग नगरास गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंतच्या काळांत काय भोगलें तें ‘स्मृतिचित्रें’ ह्या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. नवऱ्याचा धर्म बदलला तरी बायकोचें सोंवळें लगेच सुटलें नाहीं. वेगळें पाणी, वेगळा स्वयंपाक, वेगळें जेवण. एकाच घरांत दोन चुली. पुढें तें सोंवळें त्यांनीं सोडलें तें कोणा प्रचारकाच्या व्याख्यानानें नव्हे, तर स्वतःशीं विचार करून. पुरुषांच्या सभा-संस्थांचा इतिहास लिहितांना ही स्वयंपाकघरांतली लढाई आपण विसरतों. परमहंस सभेचा सभासद पाव खाऊन घरीं परतत असे. ज्या चुलीपाशीं तो परतत असे तिची धनीण कोणी विचारांत घेतली नव्हती.

बटाट्याचें मात्र कांहींच बिघडलें नाहीं, ही गंमत पाहण्याजोगी आहे. बटाटाही पोर्तुगीजांच्याच हातून आला. त्याचें नांवही त्यांचेंच. मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर. मिरची तिकडलीच, ती येण्यापूर्वीं आपला तिखटपणा मिऱ्यावर आणि पिंपळीवर भागत असे. भुईमूग तिकडला, रताळें तिकडलें, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडलाच. आतां एकादशीचें ताट डोळ्यांपुढें आणा. साबुदाण्याची खिचडी, त्यांत दाण्याचें कूट, हिरवी मिरची, शेजारीं बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस. विठोबाच्या नांवानें केलेला सगळा उपास अमेरिकेंतल्या पिकांवर चालतो! ज्या समाजानें पावाला विहिरीबाहेर ठेवलें त्यानेंच बटाट्याला देवघरांत नेलें. कारण काय? कंद कच्चा येतो. तो आपल्या चुलीवर, आपल्या हातानें शिजतो. पाव शिजूनच येतो. भीति परक्या मुलखाची नव्हती, ती परक्या हाताची होती. वडापावाचा वडा त्यामुळें कधींच सोंवळा ठरला होता. अडचण होती ती पावाची.

ती अडचण पंडितांनीं सोडविली नाहीं, मुंबईच्या भोंग्यानें सोडविली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी उभारण्याचें काम हातीं घेतलें, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, गिरगांवापलीकडचा सारा भाग गिरण्यांनीं भरून गेला. कोंकणांतून आणि घाटावरून, सातारा-पुणें-नगरच्या कोरडवाहू गांवांतून माणसें तिकडे गेलीं. बायका-मुलें गांवीं, एका खोलींत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनें झोंपत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायकांनीं केली. ह्या बायकांच्या कष्टांवर गिरणगांव दोन वेळां जेवलें. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं उभी केली. पण खाणावळींत सुद्धां बहुधा आपापल्या गांवचें, आपापल्या जातीचें माणूस पाहूनच पान मांडलें जाई. बाहेर मात्र इराण्याचें दुकान उघडें होतें. कयानी १९०४ चें, ग्रँट रोडचें मेरवान १९१४ चें. नाक्यावरचें कोपऱ्याचें दुकान हिंदु व्यापारी अशुभ मानून टाळीत, म्हणून तें इराण्यांना सहज मिळालें, असें सांगतात. तेथें संगमरवरी मेजावर चहा आणि मस्का-पाव कोणालाही मिळे. भट्टीचा कारागीर गोंयकार, मालक पारशी-इराणी, खाणारा घांटी. ज्याच्यासाठीं चाळीस वर्षांपूर्वीं पुण्यांत ग्रामण्य झालें असतें, तें मुंबईंत सकाळीं सहा वाजतां रोज होऊं लागलें. पांढरपेशा मराठी माणसानें ह्यावर आपला मधला मार्ग काढला होता. दादरला मामा काण्यांचें उपाहारगृह १९१० सालीं निघालें, त्याचें नांवच ‘स्वच्छ’. त्या एका विशेषणांत स्वयंपाकघराची स्वच्छता किती आणि मनाला दिलेला दिलासा किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तेथला बटाटेवडा नांवाजलेला होता. पण तो वडा होता, वडापाव नव्हे.

दोघांची गांठ पडली ती दादर स्थानकाबाहेर. अशोक वैद्य यांनीं १९६६ सालीं तेथें वड्याची गाडी लावली, शेजारीं ऑम्लेट-पाव विकला जात होता, त्यांतला पाव घेऊन त्यांनीं वडा त्यांत घातला, अशी हकीकत सांगितली जाते. त्याच सुमारास दादरलाच सुधाकर म्हात्रे यांनीं हाच प्रयोग केला असेंही म्हणतात. पहिला मान कोणाचा ह्या वादांत मला फारसा रस नाहीं. वडा होता, पाव होता, आणि दोन रेल्वेमार्ग जेथें एकमेकांना भेटतात अशा ठिकाणीं एक गाडी सोडून दुसरी धरणारी घाईची गर्दी होती. कोणाच्या तरी हातून हें घडणारच होतें. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, १९६६ सालीं दादरला कोणीही ‘हा पाव कोणी भाजला?’ असें विचारलें नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं ज्या पावासाठीं बंद दाराआड सभा भरत होती, तो पाव आतां शाकाहारी ब्राह्मणाच्या हातांत होता आणि कोणी मान वळवून पाहत नव्हतें.

पुढें १८ जानेवारी १९८२ पासून डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि तो संप रीतसर मागें घेतल्याचें कधीं जाहीर झालेंच नाहीं. भोंगे बंद पडले. कित्येक कामगार गांवीं परतले, कित्येकांनीं नाक्यावर कढई मांडली. ज्याच्याजवळ भांडवल म्हणून एक शेगडी, एक कढई आणि बायकोच्या हातची चव एवढेंच होतें, त्याला हा धंदा सांपडला. वडापावाचें कौतुक करणारे लेख ‘गरिबाचें खाणें’ असें मोठ्या प्रेमानें म्हणतात. खाणाऱ्याची गरिबी त्यांना दिसते. तळणाऱ्याचें काय गेलें होतें, म्हणून तो तळायला उभा राहिला, हें मात्र लेखांतून सुटतें.

ह्याच जातीचा एक पदार्थ समुद्रापलीकडे वाढला. खिम्याची टिकिया गोल पावांत घालून अमेरिकेंत विकतात, तिचें नांव हॅम्बर्ग ह्या जर्मन शहरावरून पडलें. तेथेंही आरंभीं ह्या खाण्याला प्रतिष्ठा नव्हती. कत्तलखान्यांतील घाणीचें वर्णन करणारी अप्टन सिंक्लेअर यांची कादंबरी १९०६ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून खिमा म्हटला कीं लोक नाक मुरडीत. १९२१ सालीं कॅन्सस संस्थानांत विचिटा येथें ‘व्हाइट कॅसल’ नांवाचें दुकान निघालें. त्याच्या भिंती मुद्दाम पांढऱ्या, भांडीं चकचकीत, आणि सगळें रांधणें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. म्हणजे परक्याच्या हातची भीति तेथेंही होतीच. तेथें ती जंतूंची होती, येथें विटाळाची. आणि मामा काण्यांचें ‘स्वच्छ’ व विचिटाचें ‘व्हाइट’ हीं दोन विशेषणें एकमेकांचीं सख्खीं भावंडें आहेत. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांत मॅकडोनाल्ड बंधूंनीं आपल्या दुकानाचा कारखाना केला, आणि १९९६ सालीं त्यांच्या नांवाचीं दुकानें दिल्ली व मुंबई येथें उघडलीं. येथें त्यांना गोमांस सोडावें लागलें, आणि पुढें बटाट्याची टिकिया पावांत घालून विकावी लागली. मुंबईकरानें ती खाऊन पाहिली व हा आपलाच वडा कोट घालून आला आहे हें ओळखलें. २००१ पासून वडापावाचींही साखळी-दुकानें निघालीं. वडा सर्वत्र सारख्या वजनाचा, सारख्या आकाराचा. चूक त्यांत कांहीं नाहीं. फक्त तेथें रोजच्या माणसाला ‘नेहमीचें’ म्हणतां येत नाहीं.

मुंबईचा वडा नगरच्या रस्त्यावर आला तो एस्. टी. च्या पाठोपाठ. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली ती पुणें ते अहमदनगर ह्याच मार्गावर. पाहतां पाहतां स्थानकें आणि थांबे झाले, आणि थांबा झाला कीं चहाची किटली व भज्यांची कढई आलीच. बसच्या बाकावर शेजारीं कोण बसेल हें कोणाला ठरवितां येईना. मग १९७२ चा दुष्काळ आला. नगर, सोलापूर, बीड ह्या पट्ट्यांत शेतकरी आणि शेतमजूर एकाच कामावर खडी फोडूं लागले, परदेशची तांबडी ‘मिलो’ दळून खाऊं लागले, मुलांच्या हातीं सरकारी सुकडी आली. भुकेच्या काळांत सोंवळें टिकत नाहीं असें म्हणण्याची पद्धत आहे. तें अर्धेंच खरें. भूक ओसरली कीं तें परत येतें.

तें कोठें परत आलें याचा पुरावा चहाच्या दुकानांत आहे. संविधानाच्या पंधराव्या कलमानें दुकानें, उपाहारगृहें, पाणवठे यांवर कोणालाही मज्जाव करतां येणार नाहीं असें १९५० सालीं ठरलें. १९५५ सालीं अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. तरीही पुढें कित्येक वर्षें खेड्यांतल्या हॉटेलांत कांहीं कपबशा वेगळ्या टांगलेल्या असत, आणि त्या कोणासाठीं हें सांगावें लागत नसे. दलित लेखकांच्या आत्मकथनांत त्यांचा उल्लेख वारंवार येतो. सत्तरीच्या दशकांत बाबा आढावांना ‘एक गांव एक पाणवठा’ ही मोहीम हातीं घ्यावी लागली, ती कायदा होऊन दोन दशकें उलटत आल्यावर. ह्या पार्श्वभूमीवर वडापावाकडे पाहिलें कीं एक गोष्ट खुपते. त्याला ताटली लागत नाहीं. कागदाच्या तुकड्यांत तो वरून हातावर ठेवला जातो. कागद फेंकून द्यावयाचा. कोणाचें उष्टें कोणी विसळावयाचें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. तेव्हां वडापावानें शिवाशिव मोडली म्हणावी, कीं ती मोडण्याचा प्रसंगच टाळला म्हणावें? मला दोन्ही म्हणावेंसें वाटतें. कागदानें कपबशीचा प्रश्न सोडविला नाहीं, बाजूस सारला. पण बाकड्याचें तसें नाहीं. बाकडें एकच असतें, चटणीचें भांडें एकच असतें, आणि कढईपाशींचा हात कोणाचा हें विचारण्याची चाल निदान रस्त्यावर तरी उरलेली नाहीं. घरच्या पंगतीचें काय, हा प्रश्न गाडीवाल्याला विचारून उपयोग नाहीं.

आतां ह्या गाड्यांपुढें नवी अडचण आहे. रस्ते रुंद झाले, गांवाबाहेरून वळविले गेले. मोटार न थांबतां निघून जाते. ज्या सक्तीच्या थांब्यानें वडा जन्माला घातला तो थांबाच नाहींसा होऊं लागला. रुंदीकरणाची मोजणी आली कीं सर्वांत आधीं उठावें लागतें तें पत्र्याच्या छपराला, कारण त्याच्याजवळ सातबारा नसतो. २०१४ सालीं पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि तो चांगला कायदा आहे. त्यानें विक्रेत्यांची नोंद, ओळखपत्र आणि त्यांचे प्रतिनिधि असलेली समिति ह्यांची तरतूद केली. पण त्याची व्यवस्था महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायती यांच्यापुरती आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दींतल्या हमरस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवाल्याला ती समिति नाहीं आणि तें ओळखपत्रही नाहीं. ग्रामपंचायतीची मर्जी, रस्ते खात्याची सोय, आणि रोजच्या गिऱ्हाइकांनीं मांडलेला शब्द एवढ्यावर त्याची जागा अवलंबून असते. जागा गेली तर तो गाडें ढकलीत नव्या वळणरस्त्याच्या तोंडाशीं जाऊन उभा राहतो, आणि जुनीं माणसें त्याला शोधीत दोन-चार दिवसांत तेथें येतात. कोणाला चटणी दुप्पट आणि कोणाला मिरची नको, हें मात्र त्याला नव्यानें विचारावें लागत नाहीं.